व्हीएलएफ रिसीव्हर किट: माल बरा, जाहिरात खोटी

खानापुरात वीस वर्षं साऊंड सिस्टीम भाड्यानं देतोय. ‘व्हॅन ॲलन पट्ट्यांचं गाणं घरबसल्या ऐका’ ही जाहिरात बघितली आणि राहवलं नाही. व्हॅन ॲलन पट्टे म्हणजे पृथ्वीभोवतीचे वेगवान विद्युतभारित कणांचे पट्टे, आणि व्हीएलएफ म्हणजे फार कमी वारंवारतेचे रेडिओ तरंग; ते कानाला ऐकवणारं हे किट. 1,850 रुपये ऑनलाइन भरले.

बोर्ड दणकट, सोल्डरिंग तासाभरात उरकलं. जॅक मात्र मोनोचा, हेडफोनचा एक कान मुकाच. घरात लावलं तर नुसती 50 हर्ट्झची घरघर. मग रात्री जांबोटी रोडला मेव्हण्याच्या शेतात गेलो, विजेच्या तारांपासून लांब. ओल्या बांधात पहार ठोकली, अर्थची क्लिप तिला लावली. आता ऐका! लांबच्या विजांची तडतड, आणि मधेच ‘ट्युंव’ करून खाली घसरणारे सूर. यांना ट्वीक म्हणतात. विजेचे रेडिओ तरंग जमीन आणि आयनावरण (वरच्या हवेतला विद्युतभारित थर) यांच्यामधे आपटत येतात, रात्री 1.7 किलोहर्ट्झच्या आसपासचे रेंगाळत मागनं पोचतात, म्हणून सूर ओढल्यासारखा. मेव्हणा पण तासभर हलला नाही की.

जाहिरातीतलं ते गाणं, म्हणजे ‘कोरस’, काही आलं नाही. इथं येणारच नाही. ते तयार होतं विषुववृत्तावर, वीस-तीस हजार किलोमीटर उंचीवर, त्या पट्ट्यात. माइक स्पीकरसमोर गेला की शिट्टी मारतो ना, साधारण तसंच: तरंग इलेक्ट्रॉनांना एका तालात आणतात, तालातले इलेक्ट्रॉन तरंगाला अजून जोर देतात. मग तेच तरंग थोड्या इलेक्ट्रॉनांना ढकलत ढकलत प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात, आणि ते उपग्रहांची सर्किटं बिघडवतात. कोरस जमिनीवर उतरतो पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून, कॅनडा-फिनलंडकडं. आपल्याकडची रेषा बुटकी. थोडी वर जाते न जाते तोवर दक्षिणेला खाली येते, पट्ट्यापर्यंत पोचतच नाही.

सोबतच्या मेमरी कार्डात पहाटेच्या पाखरांसारखा किलबिलाट आहे, झकास. पण तो नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्जनी टिपलेला, 2012 ला सोडलेली जोडी ती. दुकानदारानं तो किटचा आवाज म्हणून खपवलाय. मेल केला तर उत्तर आलं, ‘एरियल पूर्ण खेचून बघा.’

बोर्डाला चार तारे, विकणाऱ्याला एक. घेणार असाल तर स्टिरिओ जॅक वेगळा आणा, पहार शेजाऱ्याकडनं मागा. 9 व्होल्टची बॅटरी माझ्याकडं तीन रात्री चालली.