दुर्भाटच्या बांधावर आठ महिने: नंबरच्या पोलराइज्ड प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा अनुभव

गेल्या चवथीनंतर करून घेतलेला आणि ऑक्टोबरात नव्या फ्रेममध्ये, नव्या काचांसह पुन्हा हाती आलेला माझा मासेमारीचा चष्मा आता आठ महिने वापरात आहे. त्याची काच पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारी, आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर दूरचा आणि खाली हळूहळू जवळचा नंबर असलेली आहे. या काळात तो जवळजवळ प्रत्येक रविवारी गोव्यातल्या दुर्भाट-आडपईकडच्या खाजन (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधांवर, अधूनमधून कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी आणि तीन-चार वेळा झुआरीत होडीवर माझ्या डोळ्यांवर होता. पहिला प्रयत्न फसला, दुसरा बऱ्यापैकी साधला, आणि या दोहोंमधला फरक काचेच्या ब्रँडचा नसून मापांचा होता. गरवायला जाणाऱ्या आणि चाळिशी लागलेल्या मंडळींना पैसे मोजण्याआधी हे ठाऊक असावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ५४. दूरचा नंबर उजव्या डोळ्याला अधिक १.२५, डाव्याला अधिक १.००, दोन्हीकडे थोडा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर), आणि जवळसाठी त्यावर आणखी २.००. म्हणजे चष्मा काढला की दूरचेही धड दिसत नाही आणि जवळचे तर नाहीच. माझ्यासोबत येणारा मित्र वजा अडीच नंबरचा आहे; गाठ मारायची झाली की तो चष्मा कपाळावर ढकलतो आणि हातभर अंतरावरचा दोरा उघड्या डोळ्यांनी स्वच्छ पाहतो. अशा वजा नंबरवाल्यांना एकाच नंबरचा पोलराइज्ड चष्मा पुरतो, त्यांनी प्रोग्रेसिव्हवर खर्च करण्याचे फारसे कारण नाही. अधिक नंबरवाल्यांना मात्र ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

त्याआधीची दोन वर्षे मी नेहमीच्या प्रोग्रेसिव्हवर चढवायचा मोठा पोलराइज्ड चष्मा वापरत होतो. तो स्वस्त होता आणि पाण्यावरची चकाकीही नीट कापत असे. पण मार्च उजाडला की दोन्ही काचांच्या मध्ये घामाची वाफ धरायची, आणि नेमके मासा ओढत असताना पुसायला हात मोकळा नसायचा.

आता मूळ मुद्दा. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मोठ्या प्रमाणात आडव्या दिशेने कंप पावतो, आणि पोलराइज्ड काचेतला पापुद्रा तो आडवा प्रकाश अडवून उभा तेवढा आत सोडतो. परंतु ही करामत सगळ्या कोनांत सारखी चालत नाही. उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाण्याकडे पाहिले, तर तिथली चकाकी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. त्याच्या अलीकडे-पलीकडे ती कमी होते, पण उरते. व्यवहारात याचा हिशोब सोपा आहे. आपले डोळे पाण्यापासून जितके उंच, त्याच्या सुमारे सव्वा ते दीड पटीच्या अंतरावरचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसते. बांधावर उभा असताना माझे डोळे पाण्यापासून साधारण अडीच मीटर उंच असतात, म्हणून माझ्यापुढे तीन-साडेतीन मीटरवरच्या पट्ट्यात तळाचे दगड, त्यांवरची कालवे (शिंपले) आणि कडेने सरकणारे शेवटे मासे दिसतात. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी दबा धरणारा चोणक मासाही याच पट्ट्यात येतो.

आणि इथेच प्रोग्रेसिव्ह काच आडवी येते. ५३ अंशांचा तो कोन म्हणजे समोरच्या क्षितिजापासून ३७ अंश खाली पाहणे. मान ताठ ठेवून नुसते डोळे तेवढे खाली वळवले, तर नजर काचेच्या मध्यापासून जवळजवळ दोन सेंटिमीटर खालून जाते, म्हणजे थेट वाचनाच्या भागातून. तो भाग ४० सेंटिमीटरवरच्या वर्तमानपत्रासाठी असतो, चार मीटरवरच्या माशासाठी नव्हे. थोडक्यात, पोलराइज्ड पापुद्रा जिथे सर्वांत चांगले काम करतो, नेमक्या त्याच दिशेला प्रोग्रेसिव्ह काच सर्वांत धूसर असते. हे मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितले नाही. पहिल्या चष्म्याने सांगितले.

तो पहिला चष्मा दिसायला देखणा होता. चेहऱ्याला वेढणारी वक्र फ्रेम, उंचीला जेमतेम ३० मिलिमीटर, आणि त्यामुळे काचेत दूरकडून जवळकडे नेणारी वाट, जिला दुकानात कॉरिडॉर म्हणतात, ती आखूड म्हणजे ११ मिलिमीटरची घ्यावी लागली. दुकानदाराने बाहुल्यांमधले अंतर माझ्या जुन्या चष्म्याच्या कागदावरून उतरवून घेतले आणि नवी फ्रेम चेहऱ्यावर ठेवून एकही खूण केली नाही. मीही काही बोललो नाही, हा माझा दोष. बांधावर पहिल्याच सकाळी पाण्याकडे पाहिले तर चकाकी गायब, पण तळ विरघळल्यासारखा दिसत होता. हनुवटी छातीला टेकवली तेव्हा कुठे दगडांच्या कडा उमटल्या. त्याहून वाईट म्हणजे पायाखालचा बांध. ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या दगडांवरून उतरताना पायरी कुठे संपते ते कळेना, आणि बाजूला नजर टाकली की सगळे पोहू लागे. वक्र फ्रेममध्ये नंबर बसवताना त्या वक्रतेचा आणि तिरपेपणाचा हिशोब करून नंबर थोडा बदलावा लागतो. तो केलेलाच नव्हता. दुकानात परत गेलो तेव्हा ‘पंधरा दिवसांत सवय होईल’ असे उत्तर मिळाले. तीन आठवडे सवय होण्याची वाट पाहिली, एकदा गुडघा फोडून घेतला, आणि मग पुन्हा जाऊन भांडलो. अखेर अर्ध्या दरात नव्या काचा देण्यावर तडजोड झाली. फ्रेम मात्र माझ्या पदरी पडली.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. फ्रेम कमी वक्र निवडली, पण कडेचा उजेड अडवण्यासाठी तिच्या कानाकडच्या दांड्या रुंद आहेत. काचेची उंची ३६ मिलिमीटर, त्यामुळे १४ मिलिमीटरची लांब वाट बसली. प्रत्येक डोळ्याचे नाकापासूनचे अंतर वेगळे मोजून घेतले. फ्रेम आधी नाकावर आणि कानामागे नीट बसवली, मी नेहमीसारखा उभा राहिलो, आणि मग बाहुलीच्या जागी खूण केली; ती खूण माझ्या सांगण्यावरून दोन मिलिमीटर खाली घेतली. गोल्फ खेळणाऱ्यांसाठी अशी खूण खाली घेतात, कारण त्यांनाही पायाजवळचा चेंडू दूरच्या नंबरातून पाहायचा असतो. जवळचा नंबर २.०० ऐवजी १.५० केला. यावर दुकानातल्या तरुणाने ‘काका, पेपर वाचता येणार नाही’ असा इशारा दिला, आणि तो खरा आहे. पण बांधावर पेपर वाचायला कोण जातो?

या बदलांचा परिणाम पहिल्याच ओहोटीला दिसला. आता पाण्याकडे पाहताना मान सहज जितकी झुकते तितकी झुकवली की उरलेले काम डोळे करतात, आणि नजर वाटेच्या वरच्या भागातून जाते. तिथे जास्तीचा नंबर माझ्या अंदाजाने जेमतेम अर्धा असतो. पहिल्या चष्म्यात त्याच जागी तो सव्वाच्या घरात गेला असावा. तळ पूर्ण रेखीव नसला तरी मासा आणि दगड यांत गफलत होत नाही. पायऱ्या उतरताना अजूनही मान खाली घालावीच लागते. प्रोग्रेसिव्हमध्ये ते टळत नाही.

गाठीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण प्रोग्रेसिव्ह घेण्याचे ते एकमेव कारण होते. ब्रेडच्या, म्हणजे विणलेल्या, हिरवट दोऱ्याला पारदर्शक फ्लोरोकार्बनचा लीडर (गळाकडचा तुकडा) जोडायचा, तर दोन्ही हात छातीपुढे, डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर असतात. काठी काखेत धरलेली, एका हाताच्या बोटांना सुंगटाचा (कोळंबीचा) चिकट रस, मागून ऊन. पूर्वी लीडरचे टोक दिसत नसे, केवळ स्पर्शाने वेढे मोजत असे, आणि दहातल्या दोन गाठी पहिल्या झटक्याला सुटत. आता सहा वेढे दिसतात, ओला करून आवळताना ते एकावर एक बसतात की आडवे जातात हेही दिसते, आणि नेलकटर लावताना मूळ दोराच कापला जात नाही. गळाच्या बारीक डोळ्यातून मात्र सायंकाळी दोरा ओवता येत नाही; १.५० तिथे कमी पडतो, आणि गडद काचेतून उजेडही कमी पडतो.

रंगाबाबत बरेच लोक करडी काच सुचवतात, आणि उघड्या समुद्रावर भर दुपारी ती योग्यही आहे. मी तपकिरी घेतली. खाडीचे पाणी हिरवट-तपकिरी, कडेला तिवरांची सावली. तिथे तपकिरी काच उजेड-अंधाराचा फरक वाढवते आणि माशाची पाठ लवकर उठून दिसते. गडदपणा तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत सोडणारा. एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: हा चष्मा गढूळ पाणी पारदर्शक करत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नद्या अजून पावसाची माती वाहत होत्या, तेव्हा चकाकी जाऊन मला नुसता चहाचा रंग स्वच्छ दिसत होता. जानेवारीपासून पाणी निवळले तेव्हा चष्म्याचे पैसे वसूल होऊ लागले.

काच पॉलिकार्बोनेटची घेतली ती सुरक्षेसाठी. दगडात अडकलेला गळ हिसडा मारून सोडवताना शिशाचे वजन गोळीसारखे परत येते. फेब्रुवारीत ते एकदा काचेवर आदळले आणि एक बारीक ओरखडा उठण्यापलीकडे काही झाले नाही. या काचेचा तोटा म्हणजे कडेकडून पाहिले की पांढऱ्या होडीच्या काठाला निळी-पिवळी किनार दिसते. मागच्या बाजूला परावर्तनरोधक लेप जरूर घ्यावा, नाहीतर ऊन पाठीशी असताना स्वतःचाच डोळा काचेत दिसत राहतो.

चष्मा हाती आल्यावर दुकानातच एक तपासणी करावी. तो मोबाइलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावा. दोन्ही काचा एकाच वेळी, सारख्याच काळ्या झाल्या पाहिजेत. सिलिंडर असलेल्या नंबरात काच घासताना पापुद्र्याची दिशा चुकली, तर एक डोळा आधी आणि दुसरा नंतर काळवंडतो, आणि अशा चष्म्याने तासाभरात डोके दुखते. मोबाइलच्या पडद्याचा प्रकाशही असा एकाच दिशेने कंप पावतो, म्हणून बांधावर भरतीची वेळ पाहताना मला मोबाइल आडवा करावा लागतो, उभा धरला की पडदा जवळजवळ काळा. गाडी चालवताना दिवसा हा चष्मा सुखाचा आहे, फक्त समोरच्या गाड्यांच्या काचांवर ठिपक्यांची नक्षी दिसते. सूर्य कलल्यावर मात्र तो उतरवावाच लागतो. चोणक नेमका संधिप्रकाशात उठतो, त्यामुळे नेहमीचा पांढरा चष्मा डब्यात बरोबर नेणे भाग आहे, आणि एकाच चष्म्यात सगळे होईल ही आशा सोडावी लागते. उन्हात आपोआप काळी होणारी काच हा त्यावर उपाय वाटला होता, पण ती उष्णतेत कमी गडद होते आणि गाडीच्या काचेआड जवळपास होतच नाही.

निगेबद्दल एवढेच की खारे पाणी सुकल्यावर त्याचे कण काचेवर बसतात, आणि शर्टाच्या टोकाने पुसले की तेच कण लेप खरवडतात. मी पाण्याच्या बाटलीने आधी काचा धुतो, मगच पुसतो. डास पळवणारे मलम लावलेली बोटे फ्रेमला लावू नयेत, त्यातले डीट हे द्रव्य काही प्लास्टिकांना खाते. गाडीच्या डॅशबोर्डवर तर हा चष्मा कधीच ठेवू नये. गोव्याच्या मे महिन्यातल्या बंद गाडीत लेपाला भेगा पडायला फार वेळ लागत नाही.

खर्च सांगायचा तर वाया गेलेली फ्रेम धरून तेवीस हजारांच्या आसपास गेला. पहिल्याच वेळी नीट मापे घेतली असती तर सोळा-सतरा हजारांत भागले असते. घरात या आकड्यावर अजून चर्चा होते, विशेषतः मी रिकाम्या हाताने परततो त्या रविवारी.

आता जून लागला आहे, खाडी पुन्हा लाल झाली आहे आणि चष्मा डब्यात गेला आहे. ठेवताना उजव्या काचेच्या खालच्या कडेला, फ्रेमच्या खाचेजवळ, तांदळाच्या दाण्याएवढी फिकट जागा दिसली. काचेच्या थरांमधला पापुद्रा तिथून सुटू लागला असावा. काचांची एक वर्षाची हमी आहे आणि पावती मी याच डब्यात ठेवली आहे. पाऊस ओसरण्याची वाट न पाहता येत्या आठवड्यात तो दुकानात दाखवणार आहे.