अभ्यास बायबल: ‘वरून येणारे ज्ञान’ ओळखायला किती उपयोगी?

अभ्यास बायबल म्हणजे मजकुरासोबत तळटीपा, समासात इतर वचनांचे संदर्भ आणि मागे विषयसूची असलेली प्रत. ते निवडताना बहुतेकांची नजर तळटीपांच्या संख्येवर जाते. इथे ते एकाच गरजेपुरते तपासले आहे. नोकरीचा निर्णय, मंडळीतला वाद, भागीदारीतला व्यवहार अशा वेळी समोर आलेला सल्ला देवाकडचा आहे की नुसता हुशारीचा, हे ओळखायला या ग्रंथाची मदत किती होते? समासातले संदर्भ सर्वांत उपयोगी पडतात, तळटीपांवर जपून विसंबावे लागते, आणि मागची विषयसूची एकटी वापरली तर दिशाभूल करते.

सुरुवात नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातून, याकोब ३:१३ (अध्याय ३, वचन १३) पासून करावी, पण ३:१८ ला थांबू नये. थेट ४:३ पर्यंत एका दमात वाचावे. अध्यायांची विभागणी १३व्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे क्रमांक १५५१ सालचे. लेखकाच्या विचारात तिथे खंड नाही. वरून येणाऱ्या ज्ञानाचे वर्णन संपते आणि लगेच प्रश्न येतो की तुमच्यातली भांडणे कुठून येतात. बऱ्याच आवृत्त्या इथे मोठे उपशीर्षक टाकतात आणि वाचक नेमका तिथेच पुस्तक मिटतो. चांगल्या आवृत्तीची टीप दोन्ही भाग जोडून दाखवते.

या उताऱ्याची कसोटी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ऐहिक ज्ञानाच्या मुळाशी मत्सर आणि स्वार्थी चढाओढ, त्याचे फळ गोंधळ व दुष्कर्म. वरून येणारे ज्ञान आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारे, दयेने भरलेले, पक्षपात व ढोंग नसलेले. बुद्धीची धार, वक्तृत्व, मिळालेले यश यांचा दोन्ही वर्णनांत उल्लेखच नाही. क्रमालाही अर्थ आहे. शुद्धता आधी येते, म्हणून चुकीचे झाकून मिळवलेली शांतता इथे पास होत नाही. आणि ‘देवानेच मला सांगितले’ म्हणून सगळ्यांचे प्रश्न बंद करणारा माणूस ‘ऐकून घेणारे’ या शब्दाशी अडतो. ज्या तळटीपा इथे फक्त सद्गुणांची यादी देऊन पुढे जातात, त्या आमच्या मते अपुऱ्या आहेत.

समासातले संदर्भ तपासायचे असतील तर २ शमुवेल ११:३ उघडावे. दावीद राजाने जिच्या नवऱ्याला मारवून जिला आपली बायको केले, ती बथशेबा तिथे एलीयामची मुलगी आहे. समासात २३:३४ दिलेले असले, तर एलीयाम अहीथोफेलचा मुलगा असल्याचे कळते. दोन्ही एलीयाम एकच असतील, तर दावीदाविरुद्ध बंड करणारा त्याचा मुलगा अबशालोम याचा हा सल्लागार, अहीथोफेल, बथशेबाचा आजोबा ठरतो. शास्त्र तसे थेट सांगत नाही, म्हणून प्रामाणिक आवृत्ती ‘कदाचित’ हा शब्द गाळत नाही. आता १७वा अध्याय, म्हणजे अहीथोफेलचा सल्ला वाचावा: १२,००० माणसे घेऊन त्याच रात्री पाठलाग करायचा आणि एकट्या दावीद राजाला मारायचे. युद्धाच्या हिशेबाने बेत अचूक होता, १७:१४ स्वतःच त्याला चांगला सल्ला म्हणते. तरी परमेश्वराने तो मोडला. अचूक सल्लाही सूडातून आलेला असू शकतो, हे टीपेपेक्षा समासातला एक आकडा जास्त चांगले शिकवतो.

विषयसूचीचा दोष वेगळा आहे. ‘ज्ञान’ या शब्दाखाली ती वचने देते, पण बोलणारा कोण हे सांगत नाही. देव ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्ततेत पकडतो, हे ईयोब ५:१३ ईयोबाचा मित्र अलीफज याचे वाक्य. पौल १ करिंथ ३:१९ मध्ये तेच सत्य म्हणून उद्धृत करतो, आणि ईयोब ४२:७ मध्ये त्याच अलीफजवर देवाचा कोप आहे. वाक्य खरे होते, पण दुःखात असलेल्या माणसाला दोषी ठरवण्यासाठी वापरलेले त्याचे बोलणे चुकले. खऱ्या वचनांनी चुकीचा सल्ला देता येतो, म्हणून सूचीतल्या प्रत्येक वचनाचा निदान पूर्ण परिच्छेद वाचून बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग नोंदवावा.

तळटीपांची सर्वांत मोठी चूक म्हणजे जगातले कौशल्य आणि ऐहिक ज्ञान यांची सरमिसळ. मग भोळे वाचक डॉक्टरचा किंवा हिशेबनिसाचा सल्लाही देवावरच्या अविश्वासाचा समजू लागतात, आणि त्यातून खरे नुकसान होते. म्हणून निर्गम १८ वरची टीप जरूर वाचावी. मोशेचा सासरा इथ्रो मिद्यानी याजक होता, तरी काम वाटून देण्याचा त्याचा सल्ला मोशेने घेतला, आणि इथ्रोने स्वतः देवाच्या आज्ञेची अट घातली (१८:२३). उलट यहोशवा ९ मध्ये जवळच राहणारे गिबोनी लोक दूरदेशाहून आल्याचे सोंग घेऊन येतात; वाळक्या भाकरी आणि फाटके बुधले पाहून ते खरेच दूरचे आहेत हा इस्राएलांनी काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता. चूक ९:१४ मध्ये आहे: परमेश्वराला विचारलेच नाही. तीन दिवसांनी खरे उघडकीस आले, पण त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ देऊन झाली होती. हा फरक ज्या टीपा स्पष्ट करतात, ती आवृत्ती घ्यावी.

वापरताना आधी नुसता मजकूर दोनदा वाचावा, मग समास पाहावा, आणि आपले मत कागदावर लिहिल्यावरच तळटीप उघडावी. उलट क्रमाने गेले की टीपेचे मत वचनासारखे वाटू लागते. याकोब १:५ मधली मागणी, म्हणजे देवाकडे ज्ञान मागणे, या सगळ्याच्या आधी येते, तिला ग्रंथाची कुठलीच सोय पर्याय नाही. रोज एक सुटे वचन पाठवणारे ॲप या कामाला पुरत नाही, मात्र शब्द शोधायला ते कागदी सूचीपेक्षा जलद आहे. कागदी प्रत घेताना समासाचा टाइप वाचता येतो का हे दिव्याखाली पाहून घ्यावे. तो फार बारीक असेल तर संदर्भ उघडलेच जात नाहीत, आणि त्यांच्यासाठीच तर ही आवृत्ती घ्यायची.