विंडोबरोबर आकसणारं चित्र: इमेज टॅग की बॅकग्राउंड?

ब्राउझरची विंडो ओढून अरुंद केली की वेबपानावरच्या चित्रानंही मुकाट्यानं आकसावं, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, साधा इमेज टॅग (चित्र दाखवणारी एचटीएमएलची खूण) आणि त्याला मॅक्स-विड्थ, म्हणजे कमाल रुंदी, १०० टक्के. दुसरा, एखाद्या डिव्हला, म्हणजे पानावरच्या साध्या पेटीला, बॅकग्राउंड-इमेज देऊन बॅकग्राउंड-साइझ कव्हर, म्हणजे पेटी पूर्ण भरेल एवढं चित्र करून जास्तीचं कापणं. दोन्ही चालतात. मी बहुतेक ठिकाणी पहिल्यावर स्थिरावलो आहे. त्याचं मुख्य कारण एकच आहे, पण ते कळायला दोन्हींची वागणूक थोडी उलगडावी लागेल.

वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची, म्हणजे पडद्याच्या मापाशी जुळवून घेणाऱ्या पानांची, कल्पना मांडली, तेव्हा लवचिक चित्रं हा तिच्या तीन पायांपैकी एक होता. त्यातली मॅक्स-विड्थची ओळ आजही जशीच्या तशी वापरात आहे. तिच्या जागी नुसतं विड्थ १०० टक्के लिहू नका. ४०० पिक्सेलचा लोगो १२०० पिक्सेलच्या रकान्यात ताणला जाऊन धूसर दिसतो. मॅक्स-विड्थ आकसू देते, पण मूळ रुंदीपेक्षा फुगू देत नाही.

जोडीला हाइट ऑटो, म्हणजे उंची प्रमाणानुसार आपोआप, हवंच. टॅगमध्ये विड्थ १२००, हाइट ८०० लिहिलेलं असेल आणि सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) हाइट ऑटो नसेल, तर ३६० पिक्सेलच्या फोनवर चित्र ३६० बाय ८०० होतं आणि माणसं बांबूसारखी दिसतात. यावर बरेच जण टॅगमधले आकडेच काढून टाकतात. तो उपाय रोगापेक्षा वाईट. आकडे नसले की फाइल येऊ लागेपर्यंत ब्राउझरला उंचीचा पत्ता नसतो, आणि चित्र आलं की खालचा मजकूर वाचकाच्या डोळ्यांदेखत उडी मारतो. २०१९च्या अखेरीस फायरफॉक्स ७१ आणि क्रोम ७९ या आकड्यांवरून प्रमाण काढू लागले, २०२० मध्ये सफारी १४ ही. म्हणजे टॅगमध्ये १२०० आणि ८००, सीएसएसमध्ये ऑटो. ३६० रुंदीला २४०ची जागा आधीच राखली जाते. ते आकडे पिक्सेल म्हणून नाहीत, प्रमाण म्हणून वाचा.

आता बॅकग्राउंड. ओळी कमी, पटकन देखणं दिसतं, आणि वर मजकूर ठेवणं सोपं. पण बॅकग्राउंड-चित्राला स्वतःची उंची नसते. रिकाम्या डिव्हला लावलं तर काहीच दिसत नाही, म्हणून उंची आपण द्यायची. समजा ४०० पिक्सेल दिली आणि फोटो ३:२ चा आहे. १६०० रुंदीला कव्हर तो १६०० बाय १०६७ असा रंगवतो आणि त्यातले ४०० दाखवतो. वरखालचा साठ टक्क्यांहून जास्त भाग गेला. तीच विंडो ४०० वर आणा: आता चित्र ६०० बाय ४००, आणि डावी-उजवीकडचा एक तृतीयांश भाग गेला. म्हणजे लॅपटॉपवर डोकी कापली जातात आणि फोनवर कडेची माणसं. मध्ये ६०० रुंदीला काहीच कापलं जात नाही; त्याहून रुंद झालं की वरखाली, अरुंद झालं की कडेला. आणि फोटो ३:४ चा उभा असेल, समजा गणपतीच्या मूर्तीचा, तर १२०० बाय ४००च्या पेटीत जेमतेम पाव भाग उरतो. मध्य धरून ठेवलं तर मुकुटही नाही आणि पाऊलही नाही.

कव्हरऐवजी कंटेन (पूर्ण चित्र पेटीत मावेल असं) केलं तर काही कापलं जात नाही, पण बाजूला पट्टे उरतात.

यावर जुना तोडगा म्हणजे पॅडिंगचा. टक्क्यांतलं पॅडिंग, वरचं-खालचंसुद्धा, कंटेनरच्या रुंदीवरून मोजलं जातं. म्हणून उंची शून्य आणि खालचं पॅडिंग ५६.२५ टक्के दिलं की १६:९ ची पेटी मिळते, ७५ टक्के दिलं की ४:३. २०२१ पासून क्रोम ८८ आणि सफारी १५ मध्ये अॅस्पेक्ट-रेशो (पेटीचं प्रमाण थेट लिहिण्याची सोय) आल्यामुळे हा द्राविडी प्राणायाम संपला. पण इथेच माझा पाय अडकतो. पेटीचं प्रमाण चित्राच्या प्रमाणाइतकं केलं की कापाकापी थांबते हे खरं. मग इमेज टॅग जे आपणहून करत होता तेच आपण हातानं केलं, नाही का? तेही प्रत्येक चित्रासाठी वेगळं. लोक फोनमधून उभे, आडवे, चौकोनी फोटो चढवतात. त्या प्रत्येकाचं प्रमाण सीएसएसमध्ये कोण लिहीत बसणार? उंची ठरवण्याचं काम चित्राकडून काढून स्वतःच्या गळ्यात घेणं, ही एक कटकट मला बॅकग्राउंडपासून लांब ठेवायला पुरेशी आहे. ज्यांच्या साइटवर पाचच ठरलेली चित्रं आहेत त्यांना ती कदाचित जाणवणारही नाही.

बाकीचे मुद्दे वजनानं कमी, पण झुकतात त्याच बाजूला. बॅकग्राउंडला आल्ट मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठीचं वर्णन) नसतो. छापताना ब्राउझर ते सहसा वगळतो. लोडिंग लेझी (चित्र जवळ आलं की मगच आणा) हे अॅट्रिब्यूट त्याला लागू होत नाही. आणि इमेज टॅग एचटीएमएल वाचतानाच सापडतो, तर बॅकग्राउंडची फाइल सीएसएस उतरल्यावर कळते, त्यामुळे पानाच्या माथ्यावरचं मोठं चित्र उशिरा उगवतं.

फाइलच्या वजनाचंही तसंच. इमेज टॅगला सोर्स-सेट (वेगवेगळ्या रुंदीच्या फाइलींची यादी) आणि साइझेस (चित्र किती रुंद दिसेल ते) देता येतात. ४८०, ७२०, १०८०, १४४० रुंदीच्या चार फाइली ठेवा. रकाना जास्तीत जास्त ७२० चा आणि दोन्ही बाजूंना १६-१६ मोकळे असतील, तर साइझेसमध्ये सांगायचं: विंडो किमान ७५२ असेल तर ७२०, नाहीतर १००व्हीडब्ल्यू (विंडोची पूर्ण रुंदी) वजा ३२. मग ३६०च्या, तिप्पट घनतेच्या (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे रुंदीत तीन खरे ठिपके असलेल्या) फोनवर ३२८ गुणिले ३, म्हणजे ९८४ लागतात आणि ब्राउझर साधारणपणे १०८० ची फाइल उचलतो. साइझेस विसरलात तर तो चित्र पूर्ण विंडोभर आहे असं धरतो आणि मोठ्या पडद्यावर उगाच जड फाइल आणतो. बॅकग्राउंडकडे इमेज-सेट आहे, पण ते घनता पाहतं, रुंदी पाहत नाही. रुंदीसाठी मीडिया क्वेरींची (विंडोच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमांची) रांग लावावी लागते. (तपासताना विंडो मोठीची लहान करून ‘फाइल बदलत नाही’ म्हणून घाबरू नका. मोठी फाइल हाताशी असताना क्रोमसारखा ब्राउझर लहान मागवत नाही. खाजगी विंडो अरुंद करून मग पान उघडा.)

इमेज टॅगही सोवळा नाही. फ्लेक्सच्या (घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या सीएसएसच्या पद्धतीच्या) रांगेत दोन-तीन टॅग थेट ठेवले की ते आकसायचं नाव घेत नाहीत, कारण फ्लेक्समधल्या घटकाची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात ऑटो असते. ती शून्य करा किंवा प्रत्येकाला डिव्हमध्ये गुंडाळा. थेटच ठेवणार असाल तर अलाइन-आयटम्स फ्लेक्स-स्टार्टही द्या, नाहीतर बुटकी चित्रं शेजाऱ्याच्या उंचीइतकी ताणली जातात. चित्राखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसते ती अक्षरांच्या शेपट्यांसाठी राखलेली जागा असते. डिस्प्ले ब्लॉक केलं की जाते. कडेपासून कडेपर्यंत चित्र हवं म्हणून १००व्हीडब्ल्यू रुंदी दिलीत, तर विंडोज संगणकावर आडवा स्क्रोलबार येऊ शकतो, कारण त्यात उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरलेली असते.

राहिली कार्डांची जाळी, जिथे सगळी चित्रं एकाच मापाची दिसायला हवीत. इथे बॅकग्राउंडचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण इमेज टॅगलाच विड्थ १०० टक्के, अॅस्पेक्ट-रेशो ४/३ आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर (तेच कव्हर, पण इमेज टॅगसाठी) दिलं की तोच परिणाम मिळतो, आल्ट आणि सोर्स-सेट शाबूत ठेवून. कापणं इथेही आहे, फक्त पेटीचं प्रमाण बदलत नसल्यामुळे सगळ्या रुंदींना तोच भाग कापला जातो, आणि तो एकदाच बघून ठरवता येतो. उभ्या फोटोत चेहरे वरच्या बाजूला असतील तर ऑब्जेक्ट-पोझिशन ५० टक्के २० टक्के ठेवा.

बॅकग्राउंड मी आता कागदाच्या पोतासाठी किंवा नक्षीसाठी ठेवतो, जिथे काय कापलं गेलं याचं कुणाला सोयरसुतक नसतं. हेडरवर मजकूर हवा असेल तर डिव्हला ग्रिड (खान्यांची मांडणी) करून चित्र आणि मथळा दोन्हींना ग्रिड-एरिया १ / १ द्या. दोघं एकाच खान्यात एकावर एक बसतात, आणि मथळा तीन ओळींचा झाला तर खाना वाढतो. तेव्हा चित्राला हाइट १०० टक्के आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर असू द्या, नाहीतर त्याच्याखाली रिकामी पट्टी दिसेल.