केर्बल स्पेस प्रोग्राम: मोहीम फसते ती जमिनीवरच

केर्बल स्पेस प्रोग्राम हा रॉकेट जोडून उडवायचा कॉम्प्युटर गेम घेणारे बरेच जण आधी रॉकेटांचे स्फोट बघायला येतात. ते भरपूर मिळतात, आणि चार दिवसांत त्यांचं नावीन्य संपतं. त्यानंतर जो गेम उरतो तो आकडेमोडीचा, आखणीचा आणि थोड्या हातोटीचा. उड्डाणात जे काही बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा असेंब्ली बिल्डिंगमध्ये, म्हणजे रॉकेट जोडायच्या इमारतीतच असतं. आकाशात फक्त निकाल लागतो. हे ज्याला पटेल त्याला हा गेम वर्षानुवर्षं पुरेल. ज्याला कॉकपिटमध्ये बसून नुसतं उडायचं आहे त्याने दुसरं काहीतरी बघावं.

मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने याची पहिली सार्वजनिक आवृत्ती २०११ मध्ये दिली. १.० आली २०१५ मध्ये आणि शेवटची मोठी आवृत्ती १.१२ आली २०२१ मध्ये. पुढचं सगळं १.१२ बद्दल आहे.

गेममधला आपला ग्रह कर्बिन. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, तरी पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. वातावरण ७० किलोमीटरवर संपतं, म्हणजे अगदी रेघ मारल्यासारखं. हा ग्रह अशक्य घनतेचा आहे हे कोणीही सांगेल, पण ही तडजोड शहाणपणाची आहे. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत जायला साधारण ९,४०० मीटर प्रति सेकंद डेल्टा-व्ही (वेगात करावा लागणारा एकूण बदल) लागतो, इथे ३,४०० मध्ये भागतं. त्यामुळे रॉकेट आटोपशीर राहतं आणि एक प्रयत्न फसला तर दुसरा लगेच करता येतो. कक्षांचं गणित मात्र खरंच राहतं. पुढे जायचं म्हणून वेग वाढवला तर त्याने कक्षा मोठी होते आणि तुम्ही मागेच पडता, ही उलटी वाटणारी गोष्ट इथे हाताला कळते.

आखणी कशी करावी लागते ते मून या जवळच्या चंद्राच्या मोहिमेवरून बघू. खालच्या कक्षेतून मूनकडे निघायला सुमारे ८६० मीटर प्रति सेकंद, तिथे पोचून कक्षेत स्थिरावायला ३१०, उतरायला ५८०, परत वर यायला ५८० आणि घरच्या वाटेला लागायला ३१०. एकूण २,६४०. आता लँडर, म्हणजे मूनवर उतरणारं यान, जोडा: एमके-१ पॉड, एमके-१६ पॅराशूट, सव्वा मीटरची हीट शील्ड, भाग वेगळे करणारा टीडी-१२ डिकपलर, एफएल-टी४०० टाकी, टेरियर इंजिन आणि एलटी-१ चे तीन पाय. इंधनासह ४.१८ टन, रिकामं २.१८ टन. टेरियरचा निर्वातातला विशिष्ट आवेग, म्हणजे इंधनाच्या काटकसरीचं माप, ३४५ सेकंद आहे, म्हणजे हाती येतात साधारण २,२०० मीटर प्रति सेकंद. जाऊन उतरेपर्यंत १,७५० संपतात. उरतात ४५०, आणि वर यायला लागतात ५८०. नवख्यांच्या मूनवर अडकलेल्या लँडरांपैकी निम्म्यांची तरी कहाणी या एका वजाबाकीत आहे. टी४०० च्या जागी टी८०० टाकी लावली की वजन ६.४३ टन होतं आणि डेल्टा-व्ही जवळपास ३,३०० वर जातो. परतीचा खर्च धरून साडेसहाशे शिल्लक. हौशी पायलटला एवढी शिल्लक लागतेच.

हे आकडे १.६ आवृत्तीपासून गेम स्वतःच प्रत्येक टप्प्यासमोर दाखवतो, पण एक खाच आहे. डेल्टा-व्हीच्या खिडकीत 'समुद्रसपाटी' निवडलेली राहिली तर टेरियरचा आकडा केविलवाणा दिसतो, कारण दाट हवेत त्याचा विशिष्ट आवेग ८५ पर्यंत घसरतो. मग माणूस घाबरून वर आणखी टाक्या चढवतो, त्या उचलायला खाली आणखी इंजिनं लावतो आणि रॉकेट फुगत जातं. वरच्या टप्प्यांचे आकडे नेहमी 'निर्वात' निवडून वाचावेत. पहिला टप्पा तेवढा समुद्रसपाटीवर तपासावा, त्यातही थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) आणि वजनाचं गुणोत्तर. ते १.३ ते १.७ च्या दरम्यान बसलं की पुरे. त्यापेक्षा कमी असेल तर इंधन नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातं, जास्त असेल तर हवेच्या विरोधात.

या लँडरखाली मधला खांब म्हणून दोन टी८०० टाक्या आणि स्विव्हेल इंजिन घ्या. बाजूला दोन बूस्टर लावा, प्रत्येकात दोन टी८०० आणि एक रिलायंट. एकूण वजन साधारण ३८ टन, गुणोत्तर दीडच्या थोडं वर. तिन्ही इंजिनं एकदम पेटवली तर बूस्टर रिकामे होईपर्यंत मधल्या खांबाचंही आठातलं सात टन इंधन संपलेलं असतं आणि लँडरखालच्या रॉकेटचा हिशोब ३,१०० च्या आसपास अडतो. कक्षा गाठायला लँडरचं इंधन वापरावं लागतं. आता बूस्टरमधून मधल्या खांबाकडे इंधन नेणाऱ्या एफटीएक्स-२ च्या दोन नळ्या जोडा. बूस्टर असेपर्यंत तिन्ही इंजिनं त्यांच्यातलंच इंधन पितात, ते सुटताना मधला खांब काठोकाठ भरलेला असतो आणि बेरीज ३,५५० च्या घरात जाते. रॉकेट तेच, वजन जवळपास तेच, फायदा साडेचारशेचा. नळी जोडताना पहिली क्लिक बूस्टरच्या टाकीवर, दुसरी मधल्या टाकीवर. उलट झालं तर मधलाच खांब बूस्टरना पाजत बसतो. अशा बारीकसारीक जागी हा गेम फार सुंदर आहे.

करिअर मोडमध्ये हेच रॉकेट सुरुवातीला उडवता येत नाही. पहिल्या पातळीच्या असेंब्ली बिल्डिंगमध्ये भागांची मर्यादा ३० आहे, त्यात हे ओढूनताणून बसवता येतं. लाँचपॅड मात्र १८ टनांपलीकडे घेत नाही. शिवाय नकाशावर मॅन्यूव्हर नोड, म्हणजे पुढच्या ज्वलनाची खूण, ठेवायला मिशन कंट्रोल आणि ट्रॅकिंग स्टेशन दोन्ही वाढवावी लागतात, आणि यान आपणहून प्रोग्रेड (वेगाची) किंवा रेट्रोग्रेड (त्याच्या उलट) दिशा धरून ठेवेल यासाठी पायलट निदान पहिल्या पातळीचा हवा. पैसे, विज्ञान आणि प्रतिष्ठा यांचा मेळ घालताना निवड करावी लागते तोवर करिअर रंगतं. पुढे 'अमुक इंजिन अमुक उंचीवर पेटवून दाखवा' छापाची कंत्राटं येत राहतात आणि ती निव्वळ हमाली आहे. शिकायचं असेल तर सायन्स मोड सर्वांत चांगला: भाग क्रमाक्रमाने उघडतात आणि पैशांचं झेंगट नसतं.

उड्डाण सुरू होण्याआधी उजव्या-डाव्या सगळ्या भानगडी सोडून टप्प्यांची रांग एकदा खालून वर वाचावी. पॅराशूट इंजिनाच्याच टप्प्यात जाऊन बसणं ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त होणारी चूक. दुसरी म्हणजे शेपटीला पंख नसणं. वर रुंद लँडर आणि खाली पंख नाहीत असं रॉकेट ध्वनीच्या वेगाच्या आसपास हमखास उलटतं, कारण हवेचा विरोध पुढच्या टोकाला जास्त होतो. लँडरला फेअरिंग (हवा कापणारं कवच) घाला, खाली चार पंख लावा.

वळण लवकर आणि हळू घ्यायचं. ६० ते ८० मीटर प्रति सेकंद वेग आला की पूर्वेकडे पाच अंश कलायचं आणि मग प्रोग्रेड चिन्हाच्या मागे मागे जायचं. दहा-बारा किलोमीटरवर कल ४५ अंशांच्या आसपास यावा. पूर्वेकडेच का, तर विषुववृत्तावर कर्बिनच्या फिरण्याचे १७५ मीटर प्रति सेकंद फुकट मिळतात. ॲपोॲप्सिस, म्हणजे कक्षेतला सर्वांत उंच बिंदू, ८० किलोमीटरवर गेला की इंजिन बंद, आणि तिथे पोचताना कक्षा गोल करायची. दहा किलोमीटरपर्यंत सरळ वर जाऊन मग एकदम ४५ अंश वाकवण्याची जी जुनी रीत अजून सांगितली जाते ती १.० च्या आधीच्या हवेसाठी होती. आता तसं केलं तर रॉकेट गोता खातं.

मूनकडे निघायचा क्षण नोडशिवायही सापडतो: खालच्या कक्षेत असताना मून क्षितिजावर वर येताना दिसला की प्रोग्रेड दिशेला जाळायला सुरुवात करा. ८६० च्या जवळ आलात की नकाशावर भेट दिसते.

उतरताना खरी परीक्षा होते. नॅव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) 'ऑर्बिट' वर आहे की 'सर्फेस' वर हे आधी बघा. ऑर्बिटवर राहिला तर रेट्रोग्रेड धरूनही आडवा वेग पूर्ण मरत नाही आणि पाय टेकताच लँडर कलंडतो. दुसरी गंमत शेवटच्या काही मीटरमध्ये होते. रेट्रोग्रेड होल्ड चालू आहे, तुम्ही थ्रॉटल किंचित जास्त दिलात आणि यान क्षणभर वर जायला लागलं. आता वेगाची दिशा वर, म्हणजे रेट्रोग्रेड खाली. यान निमूटपणे डोकं जमिनीकडे करतं, इंजिन चालू असतानाच. पडद्यावर हे एका सेकंदात घडतं आणि वाचवायला वेळ नसतो. वेग पाच मीटर प्रति सेकंदाखाली आला की रेट्रोग्रेड सोडून साधा स्थिर मोड लावायचा. टी८०० चा लँडर उंच आणि अरुंद असतो, तेव्हा पाय टाकीच्या अगदी खालच्या कडेला हवेत आणि जागा सपाट हवी. मूनचा उतार आवरत नसेल तर मिनमस हा दुसरा चंद्र गाठा. तो लांब आहे, कक्षा सहा अंश कललेली आहे, पण उतरायला जेमतेम १८० मीटर प्रति सेकंद लागतात आणि त्याची मैदानं टेबलासारखी सपाट आहेत. कल जुळवायचं काम कर्बिनजवळच करू नये, तिथे २४० च्या आसपास मोजावे लागतात. वाटेत, वेग मंदावल्यावर, ते स्वस्तात होतं.

परतताना पेरिॲप्सिस (कक्षेतला सर्वांत खालचा बिंदू) ३० ते ३५ किलोमीटरवर ठेवा आणि शील्ड पुढे करा. पॅराशूटच्या चिन्हाचा रंग सुरक्षित झाल्याशिवाय बटण दाबू नका.

ग्रहांच्या मोहिमांमध्ये घाई चालत नाही. ड्यूना या ग्रहावर जायची योग्य वेळ तो कर्बिनच्या ४४ अंश पुढे असताना येते आणि मग सहा तासांच्या ९०० हून अधिक दिवसांनी पुन्हा. १.१२ मधलं अलार्म क्लॉक आणि मॅन्यूव्हर टूल यासाठीच आहे. पूर्वी हे काम मॉडशिवाय, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडीशिवाय, व्हायचं नाही. निघायला १,०८० च्या आसपास लागतात. नर्व्ह हे अणुइंजिन इथे मोहात पाडतं: विशिष्ट आवेग ८००, पण थ्रस्ट ६० किलोन्यूटन आणि स्वतःचं वजन ३ टन. जड यानावर ज्वलन इतकं लांबतं की अर्धं इंधन चुकीच्या दिशेला जातं. अशा वेळी ज्वलन तोडून प्रत्येक फेरीत पेरिॲप्सिसजवळ थोडं थोडं करावं. मंगळयानानेही २०१३ मध्ये आपल्या छोट्या इंजिनाने पृथ्वीभोवतीची कक्षा अशीच टप्प्याटप्प्याने वाढवली होती. ड्यूनाची हवा कर्बिनच्या पंधराव्या हिश्श्याइतकी विरळ आहे. नुसत्या पॅराशूटच्या भरवशावर जड लँडर उतरत नाही, शेवटी इंजिनाचा हात लागतोच.

मानवरहित यान पाठवणार असाल तर अँटेना नीट बघून घ्या. कम्युनोट्रॉन १६ फक्त स्वतःसाठी बोलतो, दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवत नाही. त्यासाठी एचजी-५ किंवा आरए मालिकेतले रिले लागतात. मूनच्या मागे गेल्यावर यान नीट ऐकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना बहुधा सिग्नलच नसतो. तसंच सोलर पॅनल विसरलेलं प्रोबही बॅटरी संपली की संपलं.

उणिवा आहेत. एका वेळी एकाच पिंडाचं गुरुत्वाकर्षण मोजलं जातं, त्यामुळे दोन पिंडांच्या ओढीत तोल साधणारे लॅग्रांज बिंदू नाहीत. ते हवे असतील तर प्रिन्सिपिया हा मॉड आहे. शेकडो भागांची स्थानकं चांगल्या संगणकालाही धाप लावतात. सांधे डुलतात आणि क्वचित सगळं यान विनाकारण थरथरत फुटतं, खेळाडू त्याला क्रॅकन म्हणतात. ऑटोस्ट्रट (आपोआप लागणारा आधार) वापरला आणि भाग कमी ठेवले की त्रास पुष्कळ कमी होतो. डॉकिंग (दोन यानं जोडणं) शिकवण्यात गेम कंजूष आहे: पोर्टवर उजवी क्लिक करून 'इथून नियंत्रण' निवडल्याशिवाय नॅव्हबॉल खोटी दिशा दाखवतो, हे कुठेतरी ठळक सांगायला हवं होतं.

खरी याने, खरी पृथ्वी आणि कॉकपिटची शिस्त हवी असेल तर ऑर्बिटर हा सिम्युलेटर मोफत आहे. तिथे रॉकेट जोडायची मजा मात्र नाही. विस्तारांपैकी ब्रेकिंग ग्राउंड आधी घ्या, त्यातले बिजागरं, पिस्टन आणि रोटर आखणीला नवी दारं उघडतात. मेकिंग हिस्ट्री जुन्या धाटणीचे भाग आवडणाऱ्यांसाठी. केर्बल स्पेस प्रोग्राम २ हा २०२३ च्या फेब्रुवारीत अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला, आला, पण वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांचा प्रवास आणि मल्टिप्लेअर ही आश्वासनं अपुरीच राहिली. दोघांतून निवडताना नावापुढचा २ बघून फसू नका, पहिलाच घ्या. घेतल्यावर मॉड लावण्याआधी एकदा मिनमसवर जाऊन परत या. मेकजेब हा ऑटोपायलटचा मॉड सुरुवातीलाच लावला तर सगळी उड्डाणं तोच करेल आणि लँडरात ४५० का उरले हे कधी कळणार नाही.