कोहिबा तालिस्मान २०१७ : न मुरवता ओढली, आता काही महिन्यांनी लिहितोय

लिमिटेड एडिशन हवाना, म्हणजे मर्यादित संख्येत निघणारी क्युबन सिगार, घेतली की सल्ला ठरलेला, पाच वर्षं हात लावू नका. मी लावला. इथे दुबईत बॉक्स दुकानात आल्या आल्या उचलला आणि त्याच आठवड्यात पहिली पेटवली, मग अधूनमधून एकेक करत आज इतके महिने झालेत, आणि माझं मत पक्कं झालंय की ही सिगार ताजी ओढण्यासारखी आहे, आणि नुसती ओढण्यासारखी नाही, ताजेपणी तिच्यात जे मिळतं ते नंतर कमी होत जातं. फक्त आधी तिची ओल उतरू द्यायची.

थोडं तंत्र सांगतो, कारण सगळी गल्लत तिथेच होते. एदिसिओन लिमितादा (म्हणजेच लिमिटेड एडिशन) हा प्रकार २००० साली सुरू झाला, जवळजवळ दरवर्षी काही ब्रँड निवडून त्यांच्या नेहमीच्या यादीत नसलेला आकार काढतात, आणि रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, नेहमीपेक्षा गडद. हे गडद रॅपर रोपाच्या वरच्या भागातल्या पानांचं, त्यांना ऊन जास्त मिळतं, पान जाड आणि तेलकट होतं, आंबवायलाही जास्त वेळ लागतो. २००७ पासून तर फक्त रॅपर नाही, आतला फिलर (गाभ्याची पानं) आणि तो बांधून ठेवणारं बाइंडर पानसुद्धा किमान दोन वर्षं मुरवलेला असतो. त्यात ही कोहिबा, म्हणजे फिलरमधली सेको (सौम्य) आणि लिगेरो (जोरदार) पानं लाकडी पिंपांत तिसऱ्यांदा आंबवलेली. तेव्हा तंबाखू कच्ची अजिबात नाही. नवीन आहे ते फक्त वळणं. वळताना पान तडकू नये म्हणून त्याला ओल देतात, नंतर कारखान्यात सेडरच्या कपाटांत ठेवून जादा पाणी घालवतात, तरी माझ्याकडे आली तेव्हा चांगलीच ओलसर होती, दुकानातही आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वरच ठेवलेली. पान मुरणं वेगळं आणि वळलेली सिगार मुरणं वेगळं, हे डोक्यात ठेवलं की पाच वर्षांचा नियम दगडावरची रेघ वाटत नाही.

आकार ५४ रिंग गेज (सिगारच्या जाडीचं माप), म्हणजे २१ मिमीच्या थोडी वर जाडी, लांबी १५४ मिमी, बॉक्समध्ये १०. २०१४ ची रोबुस्टोस सुप्रेमोस ५८ गेजची होती, त्यापेक्षा ही मला हातात आणि तोंडात दोन्हीकडे जास्त आवडली. बॉक्सच्या तळाला शिक्का आगो १७, म्हणजे ऑगस्टचा. (कोहिबाच्या नकला सगळ्यात जास्त निघतात, हिरव्या वॉरंटी सीलवरचा बारकोड हाबानोस या क्युबन सिगार कंपनीच्या साइटवर टाकून बघा, मी पैसे देण्याआधी बघतो.)

आता चव. अगदी पहिली, दुकानातून आणलेली तशी. रॅपर गडद तपकिरी, शिरा बारीक, बोट फिरवलं की हलका तेलकटपणा जाणवतो. पेटवायच्या टोकाशी नाक नेलं तर गोठ्यात शिरल्यासारखा वास, आणि त्याच्या मागे कोको. पहिल्या इंचभरात अमोनिया नाकात झोंबला, खोटं कशाला बोलू. पण तो गेला आणि मधला भाग सुरू झाला तेव्हा जे काही आलं ना, काकवीचा गोडवा, कडक कॉफी, आणि कोहिबाचा तो वाळलेल्या गवताचा सुगंध, सगळं एकदम आणि मोठ्या आवाजात. शेवटच्या भागात मिरी वाढली, जिभेच्या कडा चुरचुरल्या. राख करडी, घट्ट, जवळजवळ तीन सेंटीमीटर टिकली. ओलीमुळे मात्र दोनदा परत पेटवावी लागली.

मग बॉक्स ६२ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाऊचवर ठेवला, सिगार सैल मांडून, आणि महिना-सव्वा महिना झाकण उघडलं नाही. त्यानंतरची जी होती ती माझ्या मते या सिगारची सर्वोत्तम अवस्था. अमोनिया जवळपास गायब, ड्रॉ (धुराची ओढ) मोकळा, जळण सरळ, पण ताकद आणि गोडवा जसाच्या तसा. कोको पुढे आला, मध जाणवायला लागला, धूर इतका दाट आणि मऊ की दीड तास कसा गेला कळलं नाही. लिगेरोचा जोर पोटात जाणवतो, त्यामुळे जेवल्याशिवाय ओढू नका, आणि सोबत रमपेक्षा बिनसाखरेची काळी कॉफी घ्या, रमने गवताचा सुगंध पार झाकला जातो.

पुढचे काही महिने मात्र ती गप्प झाली. वाईट नाही, सपाट. गोडवा आत गेला, नुसतं लाकूड आणि लेदर. जाणकार याला सिगारचा आजारपणाचा काळ म्हणतात आणि मला वाटतं बरेच लोक नेमकी तेव्हाच पहिली पेटवतात आणि नाराज होतात. परवाची पुन्हा खुलायला लागल्यासारखी वाटली, गोलाई जास्त, पण ती सुरुवातीची धडक नव्हती. दहा वर्षांनी ती नक्कीच सुंदर होईल, पण ती वेगळीच सिगार असेल, आणि मला ही तरुण सिगारही तितकीच मोलाची वाटते.

मुंबई-कोकणात ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात जास्त सांभाळा, बाहेरची हवा ऐंशीच्या पुढे जाते, डबा हवाबंद पाहिजे आणि पाऊच ६५ पेक्षा वरचा नको, नाहीतर ओल उतरायचीच नाही, वर बुरशी. पूर्ण बॉक्सची किंमत जबर आहे, म्हणून सुट्या मिळत असतील तर तीन घ्या, एक पाच-सहा आठवड्यांनी, एक वर्षाने, आणि एक खुशाल विसरून जा.