कॉलेज बोर्डासाठी उभे राहताय? फुकटचे तीन शब्द आणि विकतचे दोनशे: काउंटीच्या सेवेचे परीक्षण

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एखाद्या भागातली सरकारी दोन-वर्षीय कॉलेजे चालवणाऱ्या संस्थेच्या, निवडून येणाऱ्या बोर्डासाठी अर्ज भरणाऱ्याला काउंटीचे निवडणूक कार्यालय मुख्यतः दोन गोष्टी देते. मतपत्रिकेवर नावाखाली व्यवसाय सांगणारे तीन शब्द फुकट मिळतात, तर मतदार माहिती पुस्तिकेतल्या निवेदनाचे बहुतेक ठिकाणी उमेदवाराला पैसे मोजावे लागतात. शिक्षक उमेदवारासाठी यातली फुकटची गोष्ट अधिक मोलाची आहे. तरीही बहुतेकांचा सगळा वेळ दुसरीवर जातो आणि तीन शब्द काउंटरवर उभ्या उभ्या भरले जातात.

बोर्डाची निवडणूक पक्षविरहित असते. मतपत्रिकेवर वरच्या जागांना पक्ष लिहिलेला असतो, इथे नाव आणि व्यवसाय यापलीकडे काहीच नसते. खाली पोहोचेपर्यंत मतदार कंटाळलेला असतो आणि अनोळखी नावांपुढे त्याला आधार उरतो तो त्या तीन शब्दांचाच. ‘कॉलेज प्रोफेसर’, ‘मॅथ टीचर’ असे काही दिसले की शिक्षणसंस्थेच्या जागेसाठी शिक्षक, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नियम मात्र कडक आहेत. इलेक्शन्स कोडच्या कलम 13107 प्रमाणे शब्द जास्तीत जास्त तीन. व्यवसाय तुमचा सध्याचा मुख्य व्यवसाय हवा, किंवा मागच्या कॅलेंडर वर्षातला. ‘मुख्य’ या शब्दावरच शिक्षकांची अडचण होते. दिवसभर सॉफ्टवेअरची नोकरी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजात वर्ग, असे असेल तर नुसते ‘प्रोफेसर’ लिहिण्यात धोका आहे. समोरच्याने हरकत घेतली तर त्या कामाला खरोखर किती वेळ आणि श्रम जातात हे दाखवावे लागते. अशा वेळी ‘इंजिनिअर/कॉलेज इन्स्ट्रक्टर’ हे प्रामाणिकही आहे आणि टिकतेही. दोन व्यवसायांमध्ये तिरकी रेघ द्यायची, शब्द तीनच मोजले जातात. ‘अनुभवी’, ‘नामवंत’, ‘तज्ज्ञ’ अशी स्वतःची स्तुती चालत नाही. ‘माजी’ही चालत नाही. ‘रिटायर्ड’ चालते, पण ते व्यवसायाच्या आधी लिहावे लागते आणि त्याच्या अटी वेगळ्या आहेत.

या शब्दांसोबत एक वर्कशीट भरून द्यावी लागते. कुठे नोकरी, कोणते पद, कधीपासून, खात्री कोण करून देईल, आणि पहिला पर्याय नाकारला तर दुसरा कोणता, हे सगळे त्यात येते. वर्कशीट दिली नाही तर नावाखालची जागा कोरी छापली जाते. पर्यायाचे रकाने रिकामे सोडू नका. मुदतीच्या शेवटच्या दुपारी पहिला पर्याय नाकारला गेला की पुढचा शब्द घाईत सुचत नाही.

आता विकतचा भाग. निवेदन ऐच्छिक असते आणि त्याची मर्यादा 200 शब्द आहे. डिस्ट्रिक्टने ठराव केला असेल तर 400. किंमत मतदारांच्या संख्येवर ठरते, म्हणून मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये आकडा पाहून दचकायला होते. ट्रस्टी एरियानुसार, म्हणजे डिस्ट्रिक्टचे भाग पाडून प्रत्येक भागातून वेगळा सदस्य निवडायचा अशी, निवडणूक असेल तर मतदार कमी आणि खर्चही कमी. काउंटर सांगतो तो अंदाज असतो. प्रत्यक्ष खर्च जास्त झाला तर नंतर बिल येऊ शकते, कमी झाला तर जादा रक्कम परत मिळते. या सेवेतली मला सर्वांत न पटणारी बाब हीच. पगारावर जगणाऱ्या शिक्षकाला शेवटचा आकडा आधी कळायला हवा. खर्च झेपतच नसेल तर आर्थिक परिस्थितीचा वेगळा फॉर्म भरून आगाऊ रकमेतून सूट मागता येते, पण काउंटरवर हे आपणहून कोणी सांगेल याची खात्री नाही. विचारावेच लागते. डिस्ट्रिक्ट एकापेक्षा जास्त काउंट्यांत पसरले असेल तर प्रत्येक काउंटीच्या पुस्तिकेचे काय, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

पैसे द्यावेत का? चुरस असेल तर द्यावेतच. घरोघरी पोहोचणारे आणि मतदार मतपत्रिकेशेजारी ठेवून वाचतो असे दुसरे साधन एवढ्या खर्चात नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांवर फक्त नाव दिसते.

निवेदनात स्वतःची पार्श्वभूमी आणि पात्रता एवढेच लिहिता येते. दुसऱ्या उमेदवाराचा उल्लेख चालत नाही, आडवळणानेही नाही. पक्षाचे नाव किंवा पक्षातले कामही नाही. अक्षरांचा आकार आणि ठळकपणा सगळ्यांना सारखाच. शब्दमोजणी नीट समजून घेतली तर जागा वाचते. ‘150’ आकड्यात लिहिले तर एक शब्द, इंग्रजी अक्षरांत लिहिले तर तीन. तारीख एक शब्द, वेबसाइटचा पत्ता एक शब्द, विरामचिन्हे मोजली जात नाहीत. ‘सिटी अँड काउंटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ हे एवढे लांबलचक स्थळनामही एकच शब्द धरले जाते.

शिक्षकांची निवेदने कुठे फसतात? ‘मला शिक्षणाची तळमळ आहे’ या वाक्यात शब्द जातात आणि हाती काही लागत नाही. बोर्डाची कामे ठरलेली आहेत: चॅन्सेलर किंवा प्रेसिडेंट, म्हणजे संस्थेचा प्रमुख, नेमणे, बजेट मंजूर करणे, कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारांना मान्यता देणे, बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) पैशांतून होणाऱ्या बांधकामावर लक्ष ठेवणे. निवेदनातली पात्रता या कामांना जोडलेली हवी. गणिताच्या शिक्षकाने लिहावे की 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर विद्यार्थी थेट ट्रान्सफर पातळीच्या (पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या) वर्गात येऊ लागले आणि अशा वर्गांना जोडवर्गाचा, म्हणजे सोबत चालणाऱ्या मदतीच्या वर्गाचा, आधार कसा द्यायचा हे मी केले आहे. बजेट समितीवर काम केले असेल तर ‘निम्मा खर्च वर्गातल्या शिक्षकांच्या पगारावर’ हा नियम आपण हाताळला आहे असे लिहावे. अनेक काउंट्यांत निवेदनाचे इतर भाषांत भाषांतर होते, तेव्हा इंग्रजी वाक्प्रचार टाळून सरळ वाक्ये लिहिलेली बरी.

एकदा दिलेले निवेदन बदलता येत नाही, फक्त मागे घेता येते. 3 नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीसाठी अर्जाची मुदत 13 जुलै ते 7 ऑगस्ट आहे. त्या शुक्रवारनंतर सोमवारी, 10 ऑगस्टला संध्याकाळी 5 पर्यंत निवेदन मागे घेता येते. विद्यमान सदस्याने अर्ज भरला नाही तर त्या जागेची मुदत इतरांसाठी 12 ऑगस्टपर्यंत वाढते. मुदत संपेपर्यंत निवेदने गोपनीय राहतात. त्यानंतर दहा दिवस ती कोणालाही पाहता येतात आणि कोर्टात हरकतही घेता येते. त्या जागेला दुसरा उमेदवारच नसेल तर नाव मतपत्रिकेवर येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी यादी पाहून मगच निवेदन ठेवायचे की मागे घ्यायचे ते ठरवा.

काउंटरची सेवा एकूण चांगली आहे. कागद तपासून घेतात, शब्द मोजून दाखवतात. कायदेशीर सल्ला मात्र देत नाहीत, आणि तो त्यांनी देऊही नये. अर्जाला फी नाही. शेवटच्या दिवशी गर्दी असते आणि चूक दुरुस्त करायला वेळ उरत नाही, म्हणून निदान आठवडाभर आधी जा.

पैशांचे कागद वेगळे असतात. देणगी घेण्याआधी किंवा प्रचारावर स्वतःचे पैसे खर्च करण्याआधी फॉर्म 501 (उमेदवारीच्या इराद्याचे निवेदन) भरायचा. वर्षभरात जमा आणि खर्च दोन्ही 2,000 डॉलरच्या खाली राहणार असतील तर फॉर्म 470 पुरतो. निवेदनाची फी स्वतःच्या खिशातून भरली तर ती या 2,000 मध्ये धरली जात नाही. लहान मोहीम चालवणाऱ्याला हा मोठाच दिलासा आहे. आकडा ओलांडला की फॉर्म 410 (प्रचार समितीची नोंदणी), स्वतंत्र बँक खाते आणि नियमित हिशेब आला. भारतातल्या नातेवाइकांकडून एक डॉलरही घेऊ नका, परदेशी नागरिकांच्या देणगीला स्थानिक निवडणुकीतही बंदी आहे. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, उभे मात्र राहू शकत नाहीत. उमेदवार त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा नोंदणीकृत मतदार हवा.

त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकवणाऱ्यांना उभे राहायला बंदी नाही. पण निवडून आल्यावर शपथ घेण्याआधी नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो, न दिल्यास शपथेबरोबर नोकरी आपोआप संपते. मुख्य व्यवसाय शिकवण्याखेरीज दुसरा असून त्याच विषयाचा सत्राला जास्तीत जास्त एक वर्ग घेणाऱ्या अर्धवेळ शिक्षकाला मात्र हे लागू नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये किंवा शाळेत शिकवत असाल तर हा प्रश्न येत नाही. प्रचाराच्या कामासाठी मात्र शाळेचा किंवा कॉलेजचा ईमेल, प्रिंटर आणि फोटोकॉपी मशीन वापरायचे नाही.