प्रोटीन डेटा बँक: लॅनमोड्युलिन बघायला उघडली आणि दुपार कशी गेली कळलंच नाही (५ पैकी ५)

मी साताऱ्यात बारावीला बायोलॉजी शिकवते. आरसीएसबी प्रोटीन डेटा बँकेची, म्हणजे प्रोटीनच्या थ्रीडी रचनांच्या साठ्याची, वेबसाइट आधी दोन-चारदा उघडली होती पण नीट वापरली ती या महिन्यात, आणि ती पण एका हार्ड डिस्कमुळे. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली बंद पडलेली डिस्क भंगारात चालली होती, ती मी मागून घेतली. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, घरचा स्क्रू ड्रायव्हर काही लागेना, मग मोबाईल रिपेअरवाल्या दादांकडून छोटा सेट आणला आणि पोरांसमोर टेबलावर ती खोलली. आतून चंद्रकोरीसारखे दोन चकचकीत चुंबक निघाले. एक दुसऱ्याच्या जवळ नेला तर हातातून सुटून खाडकन चिकटला आणि मध्ये माझ्या बोटाची कातडी सापडली, चार दिवस काळंनिळं होतं. एवढ्याशा तुकड्यात एवढी ताकद!

ही ताकद निओडिमियमची. लोखंड, बोरॉन आणि निओडिमियम असा तो मिश्रधातू, वजनाच्या साधारण ३० टक्के रेअर अर्थ (निओडिमियम ज्यात मोडतं तो सारख्या गुणांच्या धातूंचा गट). गाडीच्या मोटरमधले चुंबक तापतात म्हणून त्यांच्यात थोडं डिस्प्रोसियम पण घालतात. आता हे दोन धातू भंगारातून परत काढून एकमेकांपासून वेगळे करायचे म्हटलं की खरी अडचण सुरू होते, कारण दोघांचेही आयन +३ चार्जचे आणि आकारात फरक अगदी केसाएवढा, त्यामुळे कारखान्यात आम्ल आणि केरोसिनसारख्या द्रावकांतून तेच मिश्रण पुन्हा पुन्हा फिरवत राहतात, शेकडो टप्पे लागतात आणि सांडपाणी किती होतं ते वेगळंच. शुद्ध करायचं जगातलं बहुतेक काम चीनमध्ये चालतं आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डिस्प्रोसियमसकट सात रेअर अर्थच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आपल्याकडच्या गाडी कंपन्याही चिंतेत पडल्या होत्या, आठवत असेल.

तर मूळ मुद्दा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीत जोसेफ कोट्रुव्हो यांच्या ग्रुपने एका बॅक्टेरियात लॅनमोड्युलिन नावाचं प्रोटीन शोधलं. हा बॅक्टेरिया झाडाच्या पानांवर सापडतो, मिथेनॉल खातो, आणि ते पचवणाऱ्या त्याच्या एका एन्झाइमला रेअर अर्थ धातू लागतो. म्हणजे आपण जे डोंगर फोडून काढतो ते तो जीव पानावर बसून कणाकणाने गोळा करतो. वाचलं होतं सगळं, पण वर्गात सांगताना मलाच ते पोकळ वाटायचं. डोळ्याने बघितल्याशिवाय पटत नाही ना.

इथे ही साइट कामाला आली. लॉगिन नाही, पैसे नाहीत, सर्चमध्ये लॅनमोड्युलिनचं इंग्रजी स्पेलिंग टाकायचं आणि थ्रीडी व्ह्यू दाबायचा. २०१९ ची पहिली रचना यट्रियम या दुसऱ्या रेअर अर्थसोबतची आहे, पण मी पोरांना निओडिमियमवाली दाखवली, टेबलावर चुंबक आणि स्क्रीनवर तोच धातू. गोल फिरवा, झूम करा, धातूच्या गोळ्यावर क्लिक केलं की आजूबाजूची अमिनो आम्लं उघडतात आणि त्यांचे लाल ऑक्सिजन चहूबाजूंनी धातूकडे तोंड करून बसलेले दिसतात, कडेला पाण्याचे रेणूसुद्धा. मुठीत बोर धरावं तसं. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे कॅल्मोड्युलिनसारखंच आहे की!" कॅल्मोड्युलिन म्हणजे आपल्या पेशींतलं कॅल्शियम धरणारं प्रोटीन. बरोबर ओळखलं तिने. नाव त्यावरूनच पडलंय आणि धातू धरायचा १२ अमिनो आम्लांचा वळसा दोघांत सारखाच. फरक असा की यात त्या वळशात दुसऱ्या जागेवर प्रोलिन हे अमिनो आम्ल बसलंय. आणि कॅल्शियमपेक्षा रेअर अर्थला हे प्रोटीन जवळजवळ दहा कोटी पट जास्त पसंत करतं. धातू नसेल तर प्रोटीन सैल पडलेलं असतं, मिळाला की घडी घालून आवळून बसतं. आम्लातही टिकतं, पीएच २.५ पर्यंत धातू सोडत नाही, आणि भंगार विरघळवायला आम्लच लागतं त्यामुळे हा गुण फार मोलाचा.

दुसरी रचना बघाच बघा. ओकच्या झाडाच्या कळ्यांवर सापडलेल्या हान्सश्लेगेलिया नावाच्या बॅक्टेरियाचं लॅनमोड्युलिन, २०२३ चं काम. यात गंमत अशी की लॅन्थनमसारखा मोठा रेअर अर्थ आयन मिळाला की प्रोटीनचे दोन रेणू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि डिस्प्रोसियमसारखा छोटा मिळाला की ती जोडी सैल होते, म्हणजे केसाएवढा जो फरक कारखान्यात शेकडो टप्प्यांत पकडतात तो या प्रोटीनला सरळ कळतो. हे प्रोटीन बारीक मण्यांवर पक्कं बसवून त्यांनी कॉलम, म्हणजे उभी नळी, भरली, वरून चुंबकातलं धातूंचं मिश्रण सोडलं तर डिस्प्रोसियम आधी सुटतं, निओडिमियम मागे राहतं, आणि एकाच फेरीत दोन्ही ९८ टक्क्यांच्या वर शुद्ध! तेही साध्या खोलीच्या तापमानाला, सेंद्रिय द्रावक न वापरता. मणी धुऊन परत वापरता येतात. प्रोटीन मण्याला चिकटावं म्हणून त्याच्या शेपटीला मुद्दाम सिस्टीन हे एक अमिनो आम्ल जोडायचं काम आधीच, २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबसोबत झालं होतं, तेव्हा दगडी कोळशाच्या राखेतून काढलेल्या द्रावणावरही करून बघितलं होतं.

एवढं सगळं भारी असलं तरी पोरांना मी स्पष्ट सांगितलं की हे प्रयोग लॅबमधल्या छोट्या कॉलमवरचे आहेत. टनावारी भंगारासाठी प्रोटीन किलोंनी लागेल, ते स्वस्तात बनवावं लागेल, आणि चुंबक आधी फोडून विरघळवायचा खटाटोप आहेच. मला स्वतःला ही वाट मनापासून पटते, कारण निवड करायचं अवघड काम निसर्गाने आधीच करून ठेवलंय.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: माझ्या जुन्या फोनवर फिरवताना अडकत होतं, त्यामुळे लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर घ्या. आणि यट्रियमवाली रचना एनएमआर नावाच्या, द्रावणातला रेणू तपासायच्या पद्धतीने काढलेली आहे, एकाच रेणूची बरीच मॉडेल्स एकावर एक दिसली तर पोरं गोंधळतात, तिथे एकच मॉडेल निवडून दाखवा. १९७१ मध्ये फक्त ७ रचनांवर सुरू झालेली ही बँक आज २ लाखांच्या वर गेलीय आणि साताऱ्यातल्या पोरांना फुकट उघडी आहे, माझे पाच स्टार त्यासाठी. पुढच्या शुक्रवारी लॅन्थनम आणि डिस्प्रोसियमच्या रचना शेजारी शेजारी लावून अंतरं मोजायची ठरलंय, चुंबक मी सोबत नेणार आहे, यावेळी दोन वेगळ्या डब्यांत.